किल्ली कुणाकडे आहे? वस्तीतल्या सार्वजनिक संडासाबद्दल

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कर्नाटकच्या सीमाभागातल्या एका शहराच्या कडेला तुमची १४० घरांची वस्ती आहे. तिथं पालिकेचा दहा सीटांचा जुना संडास आहे, पाच बायकांकडं आणि पाच पुरुषांकडं. बायकांकडच्या पाचांतल्या दोनच सीटा चालू आहेत, त्यातल्या एकीच्या दाराला कडी नाही. बऱ्याच बायका अंधार असतानाच नाल्याकडेला जाऊन येतात. तुम्ही सहा जणींनी नवीन इमारतीसाठी चार अर्ज दिले, पण ‘प्रस्ताव वर गेलाय’ यापुढं काही झालं नाही. एकदा तर मराठीतला अर्ज म्हणून तो परत आला. घरचे पुरुष म्हणतात, सार्वजनिकचा नाद सोडा, घरोघरी संडास मागा. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, बायकांनी हे काम हातात घेऊन कुठं खरंच फरक पडलाय का?

पडलाय. त्याची उदाहरणं पुढं देते. पण आधी तुमच्या मागणीबद्दल बोलू, कारण माझ्या मते ती चुकीच्या टोकापासून सुरू झाली आहे.

मी चोवीस वर्षं बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये हेच काम करते. इमारत बांधायला निधी येतो, ती चालवायला येत नाही, हे मी पहिल्या दोन-तीन वर्षांतच बघितलं. तुम्हाला उद्या नवीन दहा सीटा मिळाल्या, तरी दोन पावसाळ्यांत त्यांची अवस्था आजच्यासारखीच होईल. संडास बिघडतो तो फारच साध्या कारणांनी. मोटर जळते, मैल्याची टाकी भरते, कडी तुटते, बल्ब चोरीला जातो. यातलं एकही काम मोठं नसतं. पण ते कुणी करायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून दोनशे रुपयांच्या कडीपायी एक सीट कायमची बंद पडते. दार उघडणार कोण, पाणी भरणार कोण, टाकी उपसायची गाडी बोलावणार कोण, बल्ब बदलणार कोण? या चार प्रश्नांना वस्तीतल्या माणसांची चार नावं देता आली पाहिजेत. ती देता येत नसतील तर नवीन इमारत मागायची घाई करू नका.

एका वस्तीत आठ सीटांचा संडास दोन वर्षं कुलूपबंद होता. ‘ड्रेनेजचा प्रॉब्लेम’ एवढंच सगळे सांगायचे. आम्ही किल्ली शोधायला निघालो. कंत्राटदाराने ती मुकादमाला दिली होती, मुकादमाने एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याला, आणि शेवटी ती सापडली चौकातल्या पानपट्टीत, तंबाखूच्या डब्यामागं खिळ्याला अडकवलेली. दार उघडून बघतो तर सीटा जवळपास कोऱ्या. एक पाईप फुटलेला आणि टाकी काठोकाठ भरलेली, एवढंच काम होतं. दोन वर्षं त्या बायका रेल्वे रुळाकडेला जात होत्या. त्यानंतर कुठल्याही वस्तीत गेले की माझा पहिला प्रश्न असतो, किल्ली कुणाकडं आहे? त्या संडासाची किल्ली आता तिथल्या एका आजींच्या पदराला असते. आजी गावाला गेल्या तर सुनेकडं. आणि हे वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणून तुमचं पहिलं काम मोजणी. दुसरं, किल्ली आणि रोजची देखभाल यांचा ताबा बायकांच्या गटाकडं लेखी घेणं. सीटांची मागणी तिसरी.

मोजणी कशी करायची, ते सविस्तर सांगते, कारण इथंच सगळे कंटाळतात. आम्ही चिंचोक्यांनी मोजलं. दाराशी दोन डबे ठेवले. बाई आत गेली की एका डब्यात चिंचोका, लहान पोर गेलं की दुसऱ्यात पावट्याचा दाणा. पहाटे साडेचार ते आठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ, सलग सात दिवस. दोघी-दोघी आळीपाळीने बसायच्या. वही-पेन घेऊन बसलो असतो तर बायका बिचकल्या असत्या, ‘नाव लिहून घेताय काय’ म्हणून. चिंचोक्यांना कुणी भ्यालं नाही. रात्री डबे ओतून मोजायचे आणि तेव्हाच वहीत आकडा लिहायचा.

त्या आठवड्यात दोन गोष्टी कळल्या, त्या आम्ही आधी ओळखल्या नव्हत्या. खरी गर्दी पहाटे पाचची नव्हती, सात ते पावणेआठची होती, शाळेला जाणाऱ्या मुलींची. रांग बघून मुली तशाच शाळेला जायच्या आणि तिथंही संडास बंद असला तर दुपारपर्यंत पाणी प्यायच्या नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळचा डबा जवळजवळ रिकामाच असायचा. का, तर आत दिवा नव्हता. एक बाई म्हणाली ते मी विसरलेले नाही, “अक्का, सापाला भीत नाही ओ, अंधारात माणसं असत्यात म्हणून येत नाही.” नवीन बल्ब आणि त्याला जाळी बसवली. आठवड्याभरात संध्याकाळचे चिंचोके वाढले. हा बदल कुठल्याही प्रस्तावाने झाला नसता.

आता तुमचं गणित मांडते. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत वस्तीच्या सामुदायिक संडासासाठी प्रमाण दिलं आहे : २५ बायकांमागे एक सीट, ३५ पुरुषांमागे एक. तुमची १४० घरं. समजा त्यातल्या ६० घरांत स्वतःचा चालू संडास आहे (चालू म्हणजे वापरात असलेला, सरपण ठेवायची खोली झालेला नव्हे, हे घरोघरी डोळ्यांनी बघा). उरली ८० घरं. घरटी पाच माणसं धरली तर ४००, त्यात २०० बायका-मुली. म्हणजे बायकांकडं आठ सीटा हव्यात. आहेत पाच, चालू दोन. तेव्हा मागणी अशी होते : तीन सीटा ताबडतोब दुरुस्त करा, तीन नव्याने वाढवा. ‘नवीन इमारत द्या’ म्हटलं की ते वरच्या मंजुरीचं काम होतं आणि फाईल फिरत राहते. ‘तीन सीटा दुरुस्त करा’ हे बहुतेक ठिकाणी स्थानिक कार्यालयाच्या आवाक्यातलं काम असतं. तुमचा आकडा वेगळा येईल, पण मांडणी हीच ठेवा.

आता बायकांनी कुठं केलंय ते. अमेरिकेतल्या शिकागोत जेन ॲडम्सनी १८८९ मध्ये गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत ‘हल हाऊस’ सुरू केलं. गल्ल्यांतून कचरा महिनोन्‌महिने पडून असायचा. त्यांच्या महिला मंडळातल्या बायका आठवड्यातून तीन संध्याकाळी गल्ल्या तपासत फिरल्या आणि दोन महिन्यांत त्यांनी आरोग्य खात्याकडं १,०३७ तक्रारी नोंदवल्या. प्रत्येक तक्रार जागेवर जाऊन पडताळलेली. पुढं १८९५ मध्ये ॲडम्सना त्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं गेलं आणि त्या सकाळी सहाला उठून कचऱ्याच्या गाड्यांमागून जायच्या. भाषण करून काही हललं नव्हतं. मोजलेल्या आकड्यांसमोर मात्र खात्याला हलावं लागलं.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांमधून १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ उभी राहिली. शीला पटेल यांची ‘स्पार्क’ संस्था त्यांच्यासोबत होती. १९९९ च्या सुमारास पुणे महापालिकेने वस्त्यांमध्ये सामुदायिक संडास बांधायचं मोठं काम काढलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच इमारतींची आखणी, बांधकामावर देखरेख आणि पुढची देखभाल महिला मिलनच्या बायकांनी केली. आखणीत त्यांनी काय बदललं ते बघा. बायकांची रांग पुरुषांच्या रांगेपासून वेगळी केली. लहान मुलांसाठी वेगळ्या, कमी खोलीच्या सीटा आणि धरायला दांडी. कारण रांगेत मोठी माणसं पोरांना मागं ढकलतात, आणि मोठ्या भांड्यात पडायच्या भीतीने पोरं बाहेरच बसतात. आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला तिथंच खोली. रोज रांगेत उभी राहणारी बाई आखणीला बसली की अशा गोष्टी आपोआप कागदावर येतात. तुमच्या वाढीव तीन सीटा मंजूर झाल्या तर नकाशा बघायला तुम्ही सहाही जणी जा.

आता पुरुषांचं म्हणणं. घरात संडास असणं सगळ्यात चांगलं, यात वादच नाही, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी तो मागावाच. पण ते शक्य आहे का, हे परिस्थितीवर आहे. पहिली गोष्ट जागेची. हक्कुपत्र, म्हणजे जागेच्या हक्काचा सरकारी कागद, हातात आहे का, वस्ती स्लम बोर्डाकडं घोषित आहे का, जमीन पालिकेची आहे की रेल्वेची की खासगी? कागद नसेल तर अनुदानाचा अर्ज तिथंच अडतो. दुसरी गोष्ट मैल्याची वाट. वस्तीजवळ यूजीडीची, म्हणजे जमिनीखालच्या गटाराची, लाईन असेल तर प्रश्न सोपा. नसेल तर शोषखड्डा, आणि तो जमिनीवर अवलंबून. बेळगाव-खानापूरकडची तांबडी, जांभ्याची जमीन पाणी पटकन शोषते, पण आपल्याकडं घरोघरी जुन्या विहिरी आहेत, आणि खड्डा जवळ असला की तेच पाणी विहिरीत उतरतं. विहिरीपासून किमान पन्नास फूट अंतर हवं. तीन-चार फुटांच्या बोळात ते कुठून आणणार? अथणी, गोकाक, सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीत उलटं होतं, पाणी शोषलंच जात नाही आणि पावसाळ्यात खड्डा वर येतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नाल्याकाठच्या घरांत भांड्यातून मैला उलटा आलेला मी बघितलाय. त्या घरांनी नंतर कितीतरी दिवस संडास वापरला नाही. तुमची वस्तीही नाल्याकडेला आहे. म्हणून ज्या घरांना जमेल तिथं घरचा संडास आणि बाकीच्यांसाठी सार्वजनिक नीट चालवणं, अशा दोन्ही मागण्या एकत्र ठेवा. एकीसाठी दुसरी सोडू नका.

पाणी. तुमच्या प्रश्नात पाण्याचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. एका वेळेला धुण्यासकट आठ लिटर धरा. दिवसाला ३०० वेळा वापर झाला तर २,४०० लिटर. पाण्याची टाकी केवढी आहे, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं? चार दिवसांनी एकदा येत असेल तर टाकी जवळजवळ १०,००० लिटरची हवी, नाहीतर बोअर हवी. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. एवढ्या माणसांची सोय करायची म्हणून तिथं आधी विहीर खोदली गेली. टिळकवाडीत ती काँग्रेस विहीर आजही आहे. माणसं जमवायच्या आधी पाण्याची व्यवस्था बघितली त्या मंडळींनी. आपण मात्र सीटा आधी मोजतो आणि टमरेल भरायला पाणी नाही हे उद्घाटनानंतर बघतो.

आता मैल्याच्या टाकीबद्दल, म्हणजे सेप्टिक टँकबद्दल, एक गोष्ट कळकळीने सांगते. टाकी भरली की कुणीतरी म्हणतं, ‘दोन माणसं उतरवू, हजार-दोन हजारांत काम होईल.’ हे होऊ देऊ नका. आतला वायू दिसत नाही, कधीकधी वासही येत नाही, आणि एक माणूस पडला की त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षणाशिवाय उतरवणं गुन्हा आहे. ते काम सक्शनच्या गाडीचं. ती मागवायला १४४२० हा राष्ट्रीय हेल्पलाईन क्रमांक आहे, शिवाय पालिकेच्या आरोग्य विभागाकडं लेखी मागणी करता येते. गाडी आत येईल एवढा रस्ता आहे का, तेही आताच बघा. बोळ अरुंद असेल तर लांब पाईपची गाडी लागते, आणि ती आगाऊ सांगावी लागते. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची, आणि शक्यतो मे महिन्यात, पावसाच्या आधी.

रोजची सफाई कुणी करायची? इथं माझ्या हातून झालेली चूक सांगते. पहिल्या संडासाचा ताबा मिळाला तेव्हा आमच्या गटाने एका बाईला सफाईला ठेवलं. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात आधीच ठरलं होतं की ते काम तिनेच करायचं, कारण तिच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आली होती. पगार ठरला तोही इतर कुठल्याच कामाला देणार नाही इतका कमी. मीही गप्प बसले. सहा महिन्यांनी ती मीटिंगला दाराबाहेर बसते हे माझ्या लक्षात आलं. बायकांसाठी म्हणून सुरू केलेल्या कामात आम्ही एका बाईला तिच्या जातीच्या जागी पुन्हा बसवलं होतं. आता आमचा नियम असा आहे. सफाई हे पगाराचं काम आहे, त्याला हातमोजे, बूट आणि लांब दांड्याचा ब्रश मिळालाच पाहिजे, ते करणारी व्यक्ती गटाची पूर्ण सदस्य असते आणि खर्चाच्या वहीवर तिची सही लागते. महिन्यातून एक दिवस बाकीच्या सगळ्या जणी स्वतः साफ करतात. पहिल्या महिन्यात दोघी-तिघी गट सोडून गेल्या. जाऊ द्या. राहतील त्या टिकतील.

पैशांचंही स्पष्ट बोलू. ८० घरांनी महिन्याला ५० रुपयांचा कुटुंब पास घेतला तर ४,००० होतात. पण सगळे देणार नाहीत, ३,००० धरा. त्यात फिनेल, ब्रश, बल्ब, कड्या आणि अर्धवेळ सफाईचा मोबदला निघतो, तोही ओढूनताणून. वीजबिल, पाणी, टाकी उपसणं आणि मोठी दुरुस्ती यात बसत नाही. म्हणून ताबा घेताना करारात हे चार खर्च पालिकेचे, असं लिहून घ्या. ‘तुम्हीच चालवताय ना, मग बिल भरा’ हे नंतर हमखास ऐकायला मिळतं. दर वेळी सुट्टे पैसे घ्यायची पद्धत ठेवू नका. त्यात पहिल्यांदा घरातल्या मुली कमी येऊ लागतात. मुंबईच्या ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या बायकांनीही हाच मुद्दा लावून धरला होता, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र दर वेळी पैसे. पासाचे पैसे दर महिन्याला दारोदार जाऊन घ्या. लंडनमध्ये १८६५ च्या सुमारास ऑक्टाव्हिया हिल गरिबांच्या घरांचं भाडं दर आठवड्याला स्वतः जाऊन गोळा करायच्या आणि त्याच फेरीत मोरी तुंबली का, छप्पर गळतं का, तेही बघायच्या. ५० रुपयांसाठी दारात उभं राहिलं की बाई सांगते, चौथ्या सीटचं दार सुजलंय, लागत नाही. तक्रारपेटीत ते कधीच येत नाही.

मासिक पाळीच्या पॅडसाठी झाकणाचा डबा आत ठेवा आणि वर्तमानपत्राचे तुकडे. पुण्यात कचरावेचक बायकांच्या संघटनेने कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, असं सांगितलं होतं, म्हणजे उचलणाऱ्या बाईला हात लावण्याआधी कळतं. भांड्यात पॅड गेलं की लाईन तुंबलीच म्हणून समजा.

आता अर्जाची भाषा. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत तक्रार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यामुळं मराठी म्हणून अर्ज परत करणं योग्य नव्हतं. तो हक्क सोडा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः सोडलेला नाही. पण तुमच्या पुढ्यात पहाटेची रांग आहे. टेबलापलीकडचा अभियंता बल्लारीहून किंवा कलबुर्गीहून बदलून आलेला असतो, त्याला वाचताच येत नाही आणि कागद बाजूला पडतो. म्हणून कन्नड अर्ज वर आणि मराठी प्रत सोबत, दोन्हींवर सह्या. तुमच्या वस्तीत कन्नड बोलणाऱ्या अक्का असणारच, कारण त्याच रांगेत त्याही उभ्या असतात. त्यातली एक गटात घ्या, आणि नुसती अर्ज लिहायला नको, पदावर घ्या. माझ्या अनुभवात ‘मराठी बायकांची मागणी’ म्हणून आलेला कागद आणि ‘अमुक वस्तीतल्या बायकांची मागणी’ म्हणून आलेला कागद यांना मिळणारी वागणूक वेगळी असते. अर्ज आरोग्य निरीक्षकाच्या नावे, प्रत पर्यावरण अभियंत्याला आणि नगरसेवकाला. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत आकडा लिहा, ‘आमच्या २०० बायकांसाठी दोन सीटा चालू आहेत.’

तुमच्या गटाची महिला बचत गट म्हणून नोंदणी आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर करार त्या नावावर करता येईल आणि बँक खातंही तयार मिळेल. नसेल तर आधी तेवढं करून घ्या, कारण सहा बायकांच्या नावे पालिका किल्ली देत नाही, नोंदलेल्या गटाच्या नावे देते.

उद्या लगेच अर्ज घेऊन जाऊ नका. आधी बाजारातून पाच कड्या आणि जाळीचा एक बल्ब आणा, मग चिंचोके गोळा करा. सात दिवसांचे आकडे, पाण्याच्या टाकीचं माप आणि पाणी किती दिवसांनी येतं ते मला लिहून पाठवा. सीटांचं गणित आणि कन्नड अर्जाचा मसुदा मी बघून देते.